शिट्टीचा हिशेब

तुमच्याकडे तुरीच्या डाळीला किती शिट्ट्या करतात? तीन? पाच? चार-पाच रूममेट्स असलेल्या कुठल्याही फ्लॅटमध्ये हा प्रश्न टाकून बघा. व्हीआय की ईमॅक्स यावरून होतात, तशीच भांडणं होतील. प्रत्येकाच्या आईचा आकडा वेगळा आणि प्रत्येकाला तोच बरोबर वाटतो :-)

गंमत अशी की कुकर ज्यासाठी शोधला गेला, त्याच्या नेमकं उलट काम शिट्ट्या मोजण्याने होतं. आणि ही गोष्ट जवळजवळ साडेतीनशे वर्षांची आहे.

देनी पापँ हा फ्रेंच माणूस, १६४७ चा जन्म. लंडनला येऊन रॉबर्ट बॉईलबरोबर काम करत होता (हो, तोच तो, अकरावीतला बॉईल). १६७९ साली त्याने रॉयल सोसायटीसमोर एक जाडजूड, घट्ट झाकणाचं भांडं ठेवलं आणि त्याला नाव दिलं 'डायजेस्टर'. एरवी टाकून दिली जाणारी हाडं मऊ करायची आणि त्यातलं पोषण काढायचं, हा उद्देश. १६८१ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं. त्याच्या लांबलचक शीर्षकातच यंत्राची किंमत किती आणि त्यातून फायदा काय, याचा हिशेब दिलाय असं सांगितलेलं आहे. म्हणजे काटकसर हा पहिल्या दिवसापासूनचा मुद्दा.

१२ एप्रिल १६८२ ला रॉयल सोसायटीच्या मंडळींना या भांड्यात शिजवलेलं जेवण मिळालं. पाहुण्यांत जॉन एव्हलिन होता. हा पक्का रोजनिशी लिहिणारा. त्याने जेवणाचं कौतुक केलंच, पण आवर्जून हेही नोंदवलं की एवढी कडक हाडं ८ औंसांपेक्षा कमी कोळशात मऊ झाली. ८ औंस म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम! जेवायला बोलावलेला माणूस कोळसा मोजतोय. पण याच एव्हलिनने १६६१ मध्ये लंडनच्या कोळशाच्या धुराविरुद्ध पुस्तिका लिहिली होती, तेव्हा त्याचं लक्ष तिकडे जाणारच.

पापँने भांडं फुटू नये म्हणून त्यावर वजन लावलेला सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला. आपली शिट्टी ही त्याच व्हॉल्व्हची वंशज. तिचं वजन आणि खालच्या भोकाचं क्षेत्रफळ यावरून आतला दाब ठरतो. आपल्या घरच्या कुकरमध्ये तो बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर जास्त असतो. त्यामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं आणि डाळ भराभर शिजते.

आता खरी मेख. दाब पूर्ण झाला की तापमान तिथेच थांबतं. खाली गॅस कितीही मोठा ठेवा, आत १२० चे १३० होत नाहीत. जादा उष्णतेची फक्त वाफ होते आणि ती शिट्टीवाटे निघून जाते. मी मेकॅनिकलचा (नोकरी आयटीत, विचारू नका), त्यामुळे थोडं गणित करतोच. १ लिटर पाणी २५ वरून १०० अंशांपर्यंत न्यायला साधारण ३१४ किलोज्यूल लागतात. तेच उकळतं १ लिटर पाणी पूर्ण वाफ करायला लागतात २२५७, म्हणजे सातपट! शिट्ट्यांमधून फक्त १०० ग्रॅम वाफ गेली, तर तेवढ्या उष्णतेत ७०० मिली पाणी उकळलं असतं. चार कप चहा उडाला की राव.

इतका चांगला शोध घराघरात यायला मात्र फार उशीर झाला. अमेरिकेत घरगुती कुकर गाजला तो १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनानंतर. आपल्याकडे १९१० मध्ये कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 'इकमिक कुकर' काढला. त्यात दाब नव्हता, पण एकावर एक डबे आणि खाली थोडासा कोळसा. भात, डाळ, भाजी एकाच आचेवर. आपण कुकरमध्ये भांड्यावर भांडं ठेवतो त्यातही हीच अक्कल आहे. मग १९५९ मध्ये प्रेस्टीज आणि हॉकिन्स हे दोघेही भारतात आले.

पुढे १९७३ चं तेलसंकट आलं. ३ डॉलरच्या आसपासचं कच्चं तेल जानेवारी १९७४ पर्यंत ११ डॉलरच्या वर गेलं. इंधन वाचवणं हा देशाचा प्रश्न झाला आणि १९७८ मध्ये सरकारने पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था (पीसीआरए) स्थापन केली. कुकर वापरा, डाळ भिजवा, झाकण ठेवा, हे तिचे सल्ले.

यातलं बरंचसं आपल्या आज्यांना माहीत होतंच. चुलीला शेजारी वैल असायचा, मुख्य चुलीची उरलेली धग त्यात जायची आणि त्यावर आमटी गरम राहायची. भाजीच्या झाकणावर पाणी ठेवायची पद्धत तर अजून आहे. वाफ गार झाकणाला लागून पुन्हा भाजीत पडते आणि वरचं कोमट पाणी लागलं तर भाजीतच जातं. हीट एक्स्चेंजर म्हणतात ते हेच.

असो. आज आपण वापरतो त्यातला निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमधला वाया गेलेला गॅस आपल्याही खिशातून जातो आणि देशाच्याही.

तेव्हा डाळ अर्धा तास भिजवा. पहिली शिट्टी झाली की गॅस एकदम बारीक करा आणि मोबाईलवर दहा मिनिटांचा टायमर लावा. गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ सोडायची घाई नको, तेवढ्या वेळात डाळ आतल्या आत शिजत राहते. मिनिट-दोन मिनिटं इकडेतिकडे होतील, तुमच्या डाळीप्रमाणे ठरवा. आणि रूममेटने विचारलं की शिट्ट्या किती, तर सांगा, एक.