विषयाचं दार कोण उघडणार? वाई ते सांगली

आजचा विषय जरा तांत्रिक वाटेल: विषयवार ज्ञानद्वारं, म्हणजे एका विषयाची भरवशाची माहिती निवडून, लावून एका जागी देणारी संकेतस्थळं. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, संगणकातलं मला बेताचंच कळतं. पण या कल्पनेची मुळं आपल्या कृष्णाकाठी आहेत, म्हणून बोलायचं धाडस करतो.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेतून १९३७ पासून ‘धर्मकोश’ निघू लागला. संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. या कोशात केलंय काय, ते पाहा. समजा, कर्जाच्या व्यवहाराबद्दल, म्हणजे ‘ऋणादाना’बद्दल, जुने ग्रंथ काय सांगतात हे तुम्हाला हवंय. मनू एकीकडे, याज्ञवल्क्य दुसरीकडे, नारद तिसरीकडे आणि टीकाकार आणखी कुठे. धर्मकोशानं ती सगळी वचनं एका विषयाखाली आणून ठेवली. वीज नाही, पडदा नाही, पण काम ज्ञानद्वाराचंच.

दुसरी रीत वर्णानुक्रमाची. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ काढला. त्याचे पहिले पाच खंड प्रस्तावनेचे, विषय धरून लिहिलेले. अकारविल्हे नोंदी त्यानंतर. दोन्ही रीतींची गरज त्यांना कळली होती, असं मला वाटतं. पुढे तर्कतीर्थांच्याच संपादनाखाली वाईतून मराठी विश्वकोश उभा राहिला. त्याचा पहिला खंड १९७६ चा, आणि तोही अकारविल्हे.

आता अडचण कुठे येते? अकारविल्हे कोश ज्याला शब्द ठाऊक आहे त्यालाच पावतो. सांगलीच्या कॉलेजातला पहिल्या वर्षाचा मुलगा घ्या. ‘एका गोष्टीमुळे दुसरी घडते, हे आपण कशावरून म्हणतो?’ हा प्रश्न त्याच्या डोक्यात आहे, पण त्याला ‘कारणता’ म्हणतात हे त्याला माहीत नाही. मग तो ‘क’ कशाला उघडेल? गूगलच्या चौकटीचंही बरंचसं तसंच. चौकट विचारते, ‘काय शोधू?’ आणि नवख्याला नेमकं तेच सांगता येत नाही. १९७४ साली दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ निघाला, तीन खंडांत. पण तो आहे, हे तरी त्याला कोण सांगणार? ‘हे आधी वाच, ते नंतर’ असं सांगणारा माणूस लागतो. चांगलं ज्ञानद्वार म्हणजे त्या माणसाचंच काम, लिहून ठेवलेलं.

ब्रिटनमध्ये विद्यापीठांनी १९९० च्या दशकात हे करून पाहिलं. विषयातली माणसं एकेक संकेतस्थळ वाचून, पारखून त्यावर चार ओळी लिहीत. पुढे ही द्वारं ‘इंट्यूट’ या नावाखाली एकत्र आली. निधी आटला आणि २०११ मध्ये ते काम थांबलं. धडा साधा आहे: दार उभारायला पैसा मिळतो, रोज झाडून ठेवायला मिळत नाही. संकेतस्थळांचे पत्ते बदलतात, दुवे तुटतात, नवं पुस्तक येतं. वर्षभर कोणी पाहिलं नाही, की दाराला जाळी धरते.

आपल्याकडे विश्वकोश मंडळानं विद्यापीठं आणि संस्था जोडून विषयवार ज्ञानमंडळं केली आहेत. ती जुन्या नोंदी सुधारतात, नव्या लिहितात आणि संकेतस्थळावर ठेवतात. म्हणजे अकारविल्ह्यावरून वाई पुन्हा विषयाकडे वळली. मला हे फार मोलाचं वाटतं.

२०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजून गेली. तेव्हापासून ‘सगळं ऑनलाइन करा’ असं आपण म्हणतो. जरूर करा. पण कागद पुरात बुडतो, तसं संकेतस्थळ दुर्लक्षात बुडतं, आणि त्याची बातमीही होत नाही.

म्हणून साताऱ्या-सांगलीच्या निवृत्त प्राध्यापकांना, म्हणजे माझ्यासारख्या रिकाम्या म्हाताऱ्यांना, एक विनंती. आपापल्या विषयातला एक प्रश्न घ्या. मराठीत त्यावर काय आहे, आधी काय वाचावं, कोणते पारिभाषिक शब्द लागतील, हे एका पानात लिहा. ते पान एखाद्या कॉलेजच्या ग्रंथपालाकडे द्या आणि दर वर्षी जूनमध्ये, कॉलेज सुरू होताना, पुन्हा तपासा. धर्मकोशही एका विषयाखाली एकेक वचन ठेवतच झाला होता.