गुणवंत क्रीडा मार्गदर्शक पुरस्कार (रायगड जिल्हा)

खेळाडू घडवणाऱ्या प्रशिक्षकाला महाराष्ट्र शासनातर्फे जिल्हा पातळीवर दिला जाणारा पुरस्कार. ‘जिल्हा क्रीडा पुरस्कार’ योजनेत गुणवंत खेळाडूंबरोबर मार्गदर्शकाचाही गौरव होतो. रोख 10,000 रुपये, प्रमाणपत्र व स्मृतिचिन्ह असे त्याचे स्वरूप आहे. पेण व रोहा तालुक्यांतील प्रशिक्षक अलिबागच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे अर्ज करतात.

पात्रता व निवड : अर्जदाराचे वय किमान 30 वर्षे असावे आणि त्याने सलग 10 वर्षे मार्गदर्शन केलेले असावे. निवडीत त्याच्या खेळाडूंची कामगिरी मोजली जाते. स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर नाव असते ते खेळाडूचे. त्यामुळे शिष्यांच्या प्रमाणपत्रांच्या छायाप्रती वर्षानुवर्षे जपून ठेवणाऱ्याचाच अर्ज भक्कम होतो. गावच्या मैदानावर संध्याकाळी पोरांकडून कबड्डीच्या चढाया घोटून घेणारा, पण कागदपत्रांचा कंटाळा करणारा मार्गदर्शक इथे मागे पडतो.

निवडीची वेगळी पद्धत अमेरिकेत दिसते. तिथे महाविद्यालयीन बास्केटबॉलचे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेले असतात. अनेक गटांत वर्षातला उत्तम प्रशिक्षक प्रतिस्पर्धी संघांचे प्रशिक्षक किंवा क्रीडापत्रकार मतदानाने ठरवतात. तिथे एका हंगामाचा कस लागतो, इथे दहा वर्षांचा. पेणचे भाऊसाहेब नेने महाविद्यालय किंवा रोह्याचे डॉ. चिंतामणराव देशमुख महाविद्यालय मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या कक्षेत येते.  शासनाचा पुरस्कार मात्र एका खेळापुरता नाही. कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि बास्केटबॉल यांचे मार्गदर्शक एकाच पुरस्कारासाठी स्पर्धेत असतात.

वरच्या पातळीवरील पुरस्कार : राज्य पातळीवर शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्कारांत उत्कृष्ट क्रीडा मार्गदर्शकाचा स्वतंत्र विभाग आहे. तो पूर्वी दादोजी कोंडदेव यांच्या नावाने ओळखला जाई. इतिहासविषयक वादानंतर ते नाव वगळण्यात आले. देशपातळीवर 1985 पासून द्रोणाचार्य पुरस्कार दिला जातो. पहिल्याच वर्षी कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत त्याचे एक मानकरी ठरले. मालवणात जन्मलेले क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांना तो 1990 मध्ये मिळाला.