लोहकीस आणि कागद

नववीत मी बीजगणितात नापास झालो आणि विज्ञान आपल्यासाठी नाही, असं घरात ठरूनच गेलं. मायकेल फॅरडेचं चरित्र हाती पडलं नसतं, तर मीही तेच धरून बसलो असतो.

लोहाराचा हा मुलगा १८०५ साली, चौदाव्या वर्षी, लंडनमधल्या रीबो यांच्या दुकानात पुस्तकबांधणी शिकायला लागला. बांधायला आलेली पुस्तकं हीच त्याची शाळा. विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याने तिथेच वाचला. बीजगणिताशी त्याचं सूत आयुष्यभर जुळलं नाही. पण चुंबकावर कागद ठेवावा, वर लोहकीस भुरभुरावा, हलकेच टिचकी मारावी, की कण एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे कमानीसारखे रांगेत लागतात. त्या कमानींत त्याला बलरेषा दिसल्या. १८३१मध्ये लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून त्याने विद्युतप्रवर्तन दाखवलं.

या बलरेषांची समीकरणं पुढे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने मांडली. त्यालाच फॅरडेने १८५७मध्ये पत्रातून विचारलं, की गणिताने काढलेले निष्कर्ष साध्या भाषेतही सांगता येणार नाहीत का? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

आज मी आठवीला शिकवतो. पहिल्या तासाला फळ्यावर सूत्र लिहीत नाही. बाकावर चुंबक, कागद आणि लोहकीस ठेवतो.