आरसा नसलेले दोन कॅमेरे: लायका आणि कॉन्टॅक्स

कॅमेरा घ्यायचा म्हटलं की हल्ली पहिला शब्द कानावर येतो तो 'मिररलेस'. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दोघं जण जमले आणि त्यातल्या एकाला बोनस मिळालेला असला की चर्चा ठरलेली! लग्नाचे फोटो काढायला हा बरा, ट्रेकला न्यायला तो बरा, याचा फोकस पटकन होतो, त्याचं वजन कमी... एक्सेलमध्ये तक्तेसुद्धा तयार होतात. (आपली जमातच तशी.) पण गंमत अशी की हेच भांडण, जवळपास याच मुद्द्यांवर, नव्वदेक वर्षांपूर्वी जर्मनीत रंगलं होतं. तेव्हाच्या त्या दोन्ही कॅमेऱ्यांतही आरसा नव्हता. फक्त त्यांना मिररलेस कोणी म्हणत नव्हतं, कारण ३५ मिमी फिल्मच्या छोट्या कॅमेऱ्यात आरसा अजून यायचाच होता.

आधी आरशाचं बघू. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश एका तिरक्या आरशावर पडतो आणि वर, आपल्या डोळ्याकडे जातो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो आणि प्रकाश फिल्मवर पडतो. तो 'खटॅक' आवाज येतो ना, त्यात मोठा वाटा या आरशाचा. आरसा नसला तर कॅमेरा पातळ होतो, हलका होतो, आवाज कमी करतो. पण मग फोकस बरोबर झालाय की नाही हे कळायचं कसं? आपली गोष्ट इथूनच सुरू होते.

वेट्झलार नावाच्या जर्मन गावात एर्न्स्ट लाइट्झ यांचा मायक्रोस्कोपचा कारखाना होता. तिथे ऑस्कर बार्नाक नावाचा एक तंत्रज्ञ काम करायचा. त्याला फोटोग्राफीचं वेड होतं आणि दम्याचा त्रास होता. त्या काळचे काचेच्या प्लेटचे अवजड कॅमेरे घेऊन डोंगर चढणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून त्याने सिनेमाची ३५ मिमी फिल्म घेतली, सिनेमाच्या १८ x २४ मिमीच्या चौकटीची लांबी दुप्पट केली आणि २४ x ३६ मिमीची चौकट धरून १९१३-१४ च्या सुमारास खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. आज आपण 'फुल फ्रेम' म्हणून ज्या सेन्सरसाठी जास्तीचे पैसे मोजतो, त्याचं माप हेच. म्हणजे एका दमेकऱ्याने डोंगर चढता यावा म्हणून काढलेली तडजोड शंभर वर्षांनंतर 'फुल' म्हणून मिरवते आहे!

मग पहिलं महायुद्ध झालं, त्यानंतर जर्मनीत महागाईचा आगडोंब उसळला. १९२४ साली धाकट्या एर्न्स्ट लाइट्झने हा कॅमेरा बाजारात आणायचं ठरवलं आणि १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत लायका लोकांसमोर आला. लाइट्झचा कॅमेरा म्हणून लायका. लेन्स मॅक्स बेरेक या शास्त्रज्ञाची. पण अंतर मात्र अंदाजाने लावायचं, नाहीतर वेगळं उपकरण वरून अडकवायचं.

दुसऱ्या बाजूला ड्रेस्डेन. तिथे १९२६ साली चार कॅमेरा कंपन्या एकत्र करून झाइस इकॉन उभी राहिली होती. लायकाचं यश बघून त्यांनी ठरवलं की याच्याहून सरस कॅमेरा करायचा. १९३२ मध्ये कॉन्टॅक्स आला. त्याच वर्षी लायकाची दुसरी आवृत्ती आली. दोन्हींमध्ये आता रेंजफाइंडर लेन्सला थेट जोडलेला होता.

रेंजफाइंडर म्हणजे आपली बारावीची त्रिकोणमिती. कॅमेऱ्याला शेजारी शेजारी दोन खिडक्या. दोन्हींतून त्याच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवली की एक प्रतिमा सरकते, आणि दोन्ही एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. दोन खिडक्यांमधलं अंतर हा त्रिकोणाचा पाया. पाया जितका लांब तितकं मोजमाप अचूक. लायकाचा पाया जेमतेम ४ सेंमी. कॉन्टॅक्सच्या १९३६ च्या दुसऱ्या आवृत्तीचा सुमारे ९ सेंमी. (लायकाने १९३३ पासून रेंजफाइंडरमधली प्रतिमा दीडपट मोठी करून हा फरक बराच भरून काढला, पण तक्त्यात आकडा म्हणून ९ च भारी दिसतो.)

आता तो तक्ता पूर्णच करू. लायकाचा शटर कापडी, आडवा सरकणारा, १९३२ मध्ये सेकंदाचा १/५०० भाग. कॉन्टॅक्सचा शटर धातूच्या पट्ट्यांचा, उभा सरकणारा, १/१०००, आणि १९३६ मध्ये १/१२५०. लायकाची लेन्स आट्याने फिरवून काढायची, कॉन्टॅक्सची थोडीशी पिळली की निघायची. लायकात फिल्म तळातून, टोक कापून सरकवायची. कॉन्टॅक्सची पाठ पूर्ण निघायची. लायकात फोकसची खिडकी वेगळी आणि चौकट बघायची वेगळी, तर कॉन्टॅक्स २ मध्ये दोन्ही कामं एकाच खिडकीत.

आणि लेन्स! लुडविग बेर्टेलेची झोनार ही कॉन्टॅक्सची खरी ताकद. तेव्हा काचेवर परावर्तन रोखणारा थर नसायचा, त्यामुळे हवा आणि काच जिथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ५ टक्के प्रकाश परत फिरायचा. बेर्टेलेने काचा एकमेकींना चिकटवून असे पृष्ठभाग फक्त ६ ठेवले. लायकाच्या १९३३ च्या झुमार लेन्समध्ये ते ८ होते. हिशोब करून बघा, ६ पृष्ठभागांतून ७३ टक्के प्रकाश पार होतो, ८ मधून ६६ टक्के. शिवाय परत फिरलेला प्रकाश आतच घुटमळून चित्र धुरकट करतो तो भाग निराळाच. झोनार एफ १.५ इतकी उघडायची. लायकाच्या मूळच्या एफ ३.५ लेन्सच्या तुलनेत हे पाचपट प्रकाशापेक्षा जास्त झालं.

थोडक्यात, तक्त्यात कॉन्टॅक्स जिंकला. पण फोटो तक्त्यात काढायचे नसतात.

हेन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच तरुणाने १९३२ मध्ये लायका घेतला. त्याला रस्त्यावरची माणसं टिपायची होती, त्यांना कळू न देता. त्यासाठी कॅमेरा लहान हवा, आवाज कमी हवा. चकाकणारे भाग त्याने काळे करून टाकले आणि आयुष्यभर बहुतेक काम एकाच ५० मिमी लेन्सवर केलं. युद्धात जर्मनांच्या कैदेत सापडण्याआधी त्याने तो लायका शेतात पुरून ठेवला, १९४३ मध्ये तिसऱ्या प्रयत्नात कैदेतून निसटला आणि तो उकरून काढला.

दुसरा रॉबर्ट कापा, हंगेरीतला ज्यू तरुण, युद्धाचे फोटो काढणारा. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर तो सैनिकांबरोबर पाण्यात उतरला तेव्हा त्याच्याकडे दोन कॉन्टॅक्स २ होते. पहाटेचा अंधुक उजेड, ओले हात आणि समोरून गोळीबार. तिथे एकाच खिडकीतून बघून फोकस करता येणं हा चैनीचा मुद्दा नव्हता. त्यातले अकराच्या आसपास फोटो हाती आले. लंडनच्या डार्करूममध्ये घाईत फिल्म वितळली अशी गोष्ट कित्येक वर्षं सांगितली जायची. २०१४ पासून ए. डी. कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुराव्यानिशी खोडायला घेतली, बहुधा तेवढेच फोटो काढले गेले असावेत असं त्यांचं म्हणणं.

युद्ध संपल्यावर १९४७ साली हे दोघं, डेव्हिड सीमूर आणि जॉर्ज रॉजर यांनी मिळून मॅग्नम ही संस्था काढली. म्हणजे लायकावाला आणि कॉन्टॅक्सवाला एकाच संस्थेत. आपल्याकडच्या ब्रँडभक्तांनी यातून काही घेण्यासारखं आहे. :)

याच सुमाराला कार्तिए-ब्रेसाँ भारतात आला. ३० जानेवारी १९४८ च्या दुपारी दिल्लीत बिर्ला हाउसमध्ये तो गांधीजींना भेटला, आपल्या प्रदर्शनाचं पुस्तक त्यांना दाखवलं. त्याच संध्याकाळी गांधीजींचा खून झाला. तो परत धावला. बिर्ला हाउसच्या फाटकावर चढून नेहरू लोकांना बातमी सांगताहेत तो फोटो आठवा. अंधुक, थोडा हललेला, एका दिव्याच्या उजेडात काढलेला. अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइटही त्या रात्री तिथे पोचल्या. पार्थिवाजवळ त्यांनी फ्लॅश उडवला, शोकात बुडालेली माणसं संतापली आणि त्यांची फिल्म काढून टाकण्यात आली, असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. बर्क-व्हाइट काही कमी दर्जाच्या फोटोग्राफर नव्हत्या, चरख्याजवळच्या गांधीजींचा १९४६ चा फोटो त्यांचाच. पण त्या खोलीत कोण उभं राहू शकतं, हे उजेडाने ठरवलं. कॅमेऱ्याचा प्रकार फक्त फोटो कसा येईल एवढंच ठरवत नाही, फोटोग्राफरला लोक कुठे उभं राहू देतील हेही ठरवतो. हा रकाना कुठल्या तक्त्यात असतो?

आता या दोन कारखान्यांची दुसरी बाजू. झाइस इकॉनचे प्रमुख होते इमानुएल गोल्डबर्ग, जातीने ज्यू. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे नाव माहीत असायला हवं. मायक्रोफिल्मवरची हजारो कागदपत्रं फोटोसेलच्या मदतीने शोधून काढणारं यंत्र त्यांनी १९३१ पर्यंत बनवलं होतं, त्याला एक प्रकारचं सर्च इंजिनच म्हणा. १९३३ मध्ये, कॉन्टॅक्स बाजारात येऊन वर्ष होतंय न होतंय तोच, नाझी गुंडांनी त्यांना पळवून नेलं आणि राजीनामा लिहून घेतला. ते देश सोडून पॅरिसला आणि पुढे पॅलेस्टाइनला गेले. वेट्झलारमध्ये एर्न्स्ट लाइट्झने मात्र ज्यू कामगारांना आणि उमेदवारांना विक्री किंवा दुरुस्तीच्या कामाच्या नावाखाली परदेशी, मुख्यतः अमेरिकेला, पाठवायला सुरुवात केली. कित्येकांच्या गळ्यात जाताना एक लायका असायचा. त्याच्या मुलीला, एल्झीला, एका ज्यू बाईला पळून जायला मदत केली म्हणून गेस्टापोने तुरुंगात टाकलं. मात्र सगळं पांढरंशुभ्र नाही. युद्धात याच कारखान्यात सक्तीने आणलेले मजूरही राबत होते.

फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनवर बॉम्ब पडले. युद्धानंतर हे शहर रशियाच्या ताब्यातल्या भागात गेलं आणि वेट्झलार अमेरिकेच्या. रशियनांनी कॉन्टॅक्सची साधनसामग्री उचलून कीव्हच्या आर्सेनल कारखान्यात नेली, आणि १९४७ पासून तोच कॅमेरा 'कीव्ह' नावाने १९८० च्या दशकापर्यंत निघत राहिला. गंमत म्हणजे लायकाची नक्कल १९३४ पासूनच युक्रेनमध्येच, खारकीव्हला होत होती, अनाथ मुलांच्या एका वसाहतीतल्या कारखान्यात! पश्चिम जर्मनीतला कॉन्टॅक्स १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाला. लायका टिकला. रचना साधी, दुरुस्ती सोपी ही कारणं आहेतच, पण नकाशावर रेघ कुठून गेली हेही कारण छोटं नाही.

कॉन्टॅक्सचा जीव मात्र दुसरीकडे गेला. १९४८ च्या पहिल्या निकॉनने लेन्सचा माउंट आणि अंगकाठी कॉन्टॅक्सची घेतली, शटर लायकासारखा कापडी. दोन्हींतलं चांगलं ते उचललं. निकॉनची लेन्स फिरवण्याची दिशा इतरांच्या उलटी का, त्याचं मूळ इथे आहे. कॅननची सुरुवातही लायकासारख्या नमुन्यानेच झाली, आणि त्या १९३४ च्या नमुन्याचं नाव होतं 'क्वानॉन', म्हणजे जपानचा अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तो हाच. १९५० मध्ये 'लाइफ'चा डेव्हिड डग्लस डंकन निक्कोर लेन्स आपल्या लायकावर लावून कोरियाच्या युद्धावर गेला आणि जपानी काचेचं नाव जगभर झालं.

१९५४ मध्ये लायकाने एम ३ काढला. एकच मोठी खिडकी, पिळून निघणारी लेन्स. म्हणजे कॉन्टॅक्सच्या तक्त्यातले मुद्दे अठरा-बावीस वर्षांनी लायकात आले. त्याच वर्षी मे महिन्यात इंडोचायनात सुरुंगावर पाय पडून कापा गेला. तेव्हा त्याच्याकडे एक कॉन्टॅक्स होता आणि एक निकॉन.

पुढे १९५९ मध्ये निकॉनने आपल्याच रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या अंगावर आरशाची पेटी बसवून निकॉन एफ काढला. लांबच्या लेन्सने पक्षी किंवा क्रिकेट टिपायचं, फुलाच्या जवळ जायचं, तर रेंजफाइंडर कमी पडायचा आणि आरसा हवाच होता. पण आरशाला जागा लागते. निकॉन एफमध्ये लेन्सचा माउंट फिल्मपासून ४६.५ मिमी लांब गेला, लायका एम मध्ये तो २७.८ मिमीवर होता. फिल्मला जवळजवळ टेकणारी झोनारसारखी ५० मिमी लेन्स आरशापुढे बसणंच शक्य नव्हतं. २००८ मध्ये पॅनासॉनिकने जी १ आणला आणि लेन्समधलं दृश्य इलेक्ट्रॉनिक पडद्यावर दिसायला लागलं, तेव्हा आरशाचं काम संपलं. निकॉन आणि कॅनन २०१८ मध्ये फुल फ्रेम मिररलेसमध्ये उतरले. निकॉन झेडमध्ये हे अंतर १६ मिमी आहे, म्हणून एका अडॅप्टरच्या जोरावर १९३० च्या दशकातली झोनार आजच्या मिररलेसवर मजेत बसते.

तर मंडळी, दोन कॅमेऱ्यांची तुलना जरूर करा. पण तक्ता उघडण्याआधी एक ओळ लिहा: मला कुठे उभं राहायचंय आणि तिथल्या माणसांनी मला का उभं राहू द्यावं? कापाचं उत्तर वेगळं होतं, कार्तिए-ब्रेसाँचं वेगळं. म्हणून त्यांचे कॅमेरे वेगळे होते.