कॉलेजची फी आणि एक उशिरा पोचलेली चिठ्ठी

स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहा, असे संपादक मंडळाने मला सांगितले. स्थापना, इमारती, निकाल, क्रीडास्पर्धा यांविषयी इतर मित्रांनी लिहिलेच आहे. मी एकाच प्रश्नाचा इतिहास लिहितो. आपल्या या दुष्काळी भागातली गरीब घरची मुले शाळा संपवून कॉलेजला गेली, ती कोणाच्या आधारावर? आणि हुशार असूनही जी गेली नाहीत, ती का?

माझ्या आजोबांच्या पिढीत पुण्यामुंबईला शिकायला जाणारा गरीब मुलगा माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पण हा मार्ग बहुतेक ब्राह्मण मुलांसाठीच मोकळा होता. शेतकऱ्याच्या किंवा अस्पृश्य मानलेल्या घरच्या मुलाला शहरात वार कोण देणार? ही अडचण राजर्षी शाहू महाराजांनी ओळखली. नुसती शाळा काढून भागत नाही, मुलाला शहरात राहायला आणि जेवायला जागा हवी. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी राहिली.

कोल्हापुरात बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी तोच विचार आपल्या सातारा जिल्ह्यात आणला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झाले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपल्या भागात घरोघर ठाऊक आहे. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि 'कमवा आणि शिका' ही पद्धत कॉलेजच्या मुलांपर्यंत पोचली. फी नाही तर घाम दे, पण शिकायचे थांबू नकोस, असा तो सरळ हिशेब होता.

या इतिहासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बाबासाहेब आंबेडकरांना कॉलेजसाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपये दिले आणि १९१३ साली त्यांना तीन वर्षांसाठी अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात पाठवले. हे आपण सगळे जाणतो. पण महाराज बडोद्याला आणि हा मुलगा मुंबईच्या चाळीत. दोघांची गाठ कोणी घातली? कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजींनी. बागेत वाचत बसणाऱ्या मुलाची त्यांनी चौकशी केली, त्याला पुस्तके दिली आणि शिक्षण पैशावाचून अडले तेव्हा महाराजांकडे शब्द टाकला. पैसा महाराजांचा होता, तो मुलापर्यंत पोचवला गुरुजींनी.

स्वातंत्र्यानंतर राजांची जागा सरकारने घेतली. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनच होती. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी फीमाफी आली. तीच आपली 'ई.बी.सी.'. वडिलांचे वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असेल तर कॉलेजची फी माफ. आपल्या वाड्यावस्त्यांवर बाराशेच्या वर उत्पन्न होते कोणाचे? कोरडवाहू बाजरी आणि चार शेळ्या! या एका सवलतीने किती घरांत पहिला पदवीधर झाला, याची मोजदाद नाही.

आता माझ्या वर्गाची गोष्ट सांगतो. मी १९७१ सालचा, जुन्या अकरावीचा एस.एस.सी. माझ्या बाकावर बसणारा मित्र गणितात माझ्या कितीतरी पुढे. बीजगणिताचे उदाहरण हेडसर फळ्यावर लिहीपर्यंत याचे उत्तर तयार असे. निकाल लागला, आम्ही दोघेही पास झालो. त्याला माझ्यापेक्षा बरेच जास्त मार्क होते.

निकालानंतर चार दिवसांनी हेडसरांनी मला शाळेत बोलावले. ई.बी.सी.चा फॉर्म त्यांनी स्वतः भरून ठेवला होता. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला कसा घ्यायचा, साताऱ्याला कोणाला भेटायचे, वसतिगृहात काम कसे मागायचे, सगळे समजावले. मग एक चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हे त्याला आजच्या आज नेऊन दे. दाखल्याला वेळ लागतो, म्हणावं."

मित्राची वाडी गावापासून दीड कोस आत, वाटेत ओढा. त्या संध्याकाळी पाऊस आला म्हणून मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी मामाकडे लग्नाला गेलो आणि तिथे चार दिवस रमलो. चिठ्ठी माझ्या पैरणीच्या खिशातच राहिली. सहाव्या दिवशी ती मी त्याला दिली. त्याच दुपारी तो तलाठ्याकडे गेला. तलाठी दुसऱ्या गावी. पुन्हा गेला, सही राहिली. दाखला हातात आला तेव्हा प्रवेशाची मुदत संपून दोन दिवस झाले होते. "पुढच्या वर्षी बघू," त्याचे वडील म्हणाले. पुढच्या वर्षी १९७२ चा दुष्काळ आला. सारे घर खडी फोडायला गेले आणि तो मुंबईला दाणाबंदरात हमालीला.

मी साताऱ्याला शिकलो. सकाळी दोन तास कॉलेजच्या बागेत काम करायचो, मग तास. पुढे नोकरी लागली, घर झाले. हेडसरांना ही गोष्ट मी कधी सांगितली नाही. मित्राला सांगितली, ती चाळीस वर्षांनी. तो हसला आणि म्हणाला, "अरे, ओढ्याला पाणी होतं ना तेव्हा." एवढेच. त्याच्या हसण्याने माझे ओझे मात्र उतरले नाही.

त्याची नात आता आपल्याच शाळेत बारावी विज्ञानाला आहे. गणित आजोबांचेच! तिला इंजिनियर व्हायचे आहे. काळ बदलला, योजना वाढल्या. ई.बी.सी. सवलत आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते. २०२४ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने निर्वाह भत्ता आहे. बँकांच्या २००१ च्या शैक्षणिक कर्ज योजनेने चार लाखांपर्यंतचे कर्ज विनातारण केले.

पण गेल्या मे महिन्यात मी तिच्या घरी गेलो तेव्हा काय दिसले? पोरीचा सी.ई.टी.चा अभ्यास उत्तम, पण उत्पन्नाचा दाखला जुना, नॉन-क्रिमिलेअरसाठी अर्जच नाही आणि बँक खाते आधारला जोडलेले नाही. फीमाफी मिळते ती सरकारी प्रवेश फेरीतून गेल्यास, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे, हेही घरात कोणाला ठाऊक नव्हते. फी माफ झाली तरी खानावळ, पुस्तके आणि लॅपटॉप यांचा खर्च राहतोच, त्याचा हिशेबही कोणी मांडलेला नव्हता. म्हणजे १९७१ आणि आज यांत फरक एवढाच, की तलाठ्याच्या जागी आता सेतू केंद्र आणि पोर्टल आले. आम्ही दोघे आठ दिवस कागद घेऊन हिंडलो. आता तिची फाइल पूर्ण आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांचा हा इतिहास मला एकच सांगतो. पैसा देणारा कोणीतरी निघाला: कधी महाराज, कधी भाऊराव, कधी सरकार. तरी मूल कॉलेजात पोचले ते वेळेवर कोणीतरी त्याच्या दारात गेले म्हणून. केळुस्कर गुरुजी गेले, आपले हेडसर गेले. मी गेलो नाही.

मेळाव्यात कमानीसाठी वर्गणीचा ठराव येणार आहे. कमान जरूर बांधू. पण त्याबरोबर एक काम करू. दर जानेवारीत दहावी-बारावीच्या मुलांची यादी शाळेकडून घेऊ आणि आपल्यातल्या प्रत्येकाने एक मूल वाटून घेऊ. दाखले, अर्ज, मुदती, खर्चाचा कागद, सगळे त्याच्या आईवडिलांसोबत बसून पुरे करू. पहिल्या यादीसाठी माझे नाव लिहून घ्यावे. दुसरे नाव माझ्या मित्राचे आहे. त्याने स्वतःच सांगितले आहे.

(१९७१ च्या एस.एस.सी. तुकडीचा एक विद्यार्थी)