मुखकर्करोगातील ग्रीवा लसीका ग्रंथी उच्छेदन

तोंडाच्या कर्करोगात मूळ गाठीबरोबर मानेतील लसीका ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. जीभ, गाल व हिरड्या यांतील कर्कपेशी लसीकावाहिन्यांतून प्रथम हनुवटीखालच्या, जबड्याखालच्या आणि मानेच्या वरच्या भागातील ग्रंथींत पोहोचतात. ग्रंथी बाधित असल्यास रुग्ण जगण्याची शक्यता बरीच घटते.

अमेरिकन शल्यचिकित्सक जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये या शस्त्रक्रियेचे पद्धतशीर वर्णन केले. त्यांच्या मूलगामी पद्धतीत ग्रंथींसह मानेचा मोठा स्नायू, अंतर्गत कंठशिरा व खांद्याच्या हालचालीस आवश्यक असणारी चेता काढली जाई. आता शक्य असेल तेथे हे भाग राखून निवडक ग्रंथीच काढतात. तरीही खांदा दुखणे वा हात उचलताना अडचण येणे संभवते.

प्रारंभिक अवस्थेत, ग्रंथी हाताला लागत नसतानाही त्या काढाव्यात का, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांच्या यादृच्छिक चाचणीने त्याला ठोस उत्तर दिले (२०१५). ५०० रुग्णांच्या विश्लेषणात, ग्रंथी सुरुवातीलाच काढलेल्यांपैकी ८०% रुग्ण तीन वर्षांनी हयात होते; ग्रंथीत रोग दिसल्यावरच त्या काढण्याचे धोरण ठेवलेल्या गटात हे प्रमाण ६७.५% होते.

काढलेल्या ग्रंथींच्या सूक्ष्मदर्शक तपासणीवरून पुढे किरणोपचार वा रसायनोपचार द्यायचे की नाही, हे ठरते.