‘गोदेवी’ आणि मांजर : एका रोगनामाचा इतिहास

प्राण्यांपासून माणसास जडणाऱ्या रोगांची नावे पाहिली असता असे आढळून येते की, रोग प्रथम ज्या प्राण्यावर दिसला त्याचे नाव त्यास चिकटते. रोगाच्या मूळ वसतिस्थानाशी त्या नावाचा संबंध असतोच असे नाही. गाईच्या देवी, ज्यांस आपण ‘गोदेवी’ म्हणू, हे याचे ठळक उदाहरण होय.

१७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर याने एका गवळणीच्या हातावरील फोडातील लस जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलास टोचली. १७९८ च्या ग्रंथात त्याने रोगास ‘व्हॅरिओली व्हॅक्सिनी’ असे लॅटिन नाव दिले. ‘व्हॅका’ म्हणजे गाय. त्यातून निघालेल्या ‘व्हॅक्सिन’ या संज्ञेची व्याप्ती इतर रोगांच्या लशींपर्यंत वाढवावी, असे पाश्चरने १८८१ मध्ये सुचविले. मराठीने मात्र गाय स्वीकारली नाही. १८०२ मध्ये मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस लस टोचली गेली, ती हिंदुस्थानातील पहिली. मराठीत रूढ झाले ते ‘देवी काढणे’. हा वाक्प्रयोग गाईवर कसलाही आरोप करीत नाही, आणि म्हणून प्रस्तुत लेखकास तो अधिक निर्दोष वाटतो.

कारण गाय ही या विषाणूची केवळ वाटसरू. जेन्नरलाही तो घोड्याकडून येतो असे वाटे. त्याचे खरे आश्रयस्थान यूरोपातील रानउंदीर हे होय. उंदीर धरणाऱ्या मांजरास फोड येतात, आणि त्याच्या ओरखड्यातून मालकाच्या हातावर वा चेहऱ्यावर काळ्या खपलीचा व्रण उठतो. २००८-०९ मध्ये जर्मनी व फ्रान्समध्ये तर पाळीव उंदरांपासूनच लागण झाली. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णास हा रोग प्राणघातकही ठरला आहे. नावाच्या मागे जाणारा वैद्य शहरी रुग्णाकडे गाईची चौकशी करील आणि मांडीवरचे मांजर सुटून जाईल.

‘मंकीपॉक्स’ची कथा याहून वेगळी नाही. १९५८ मध्ये कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतील माकडांवर तो दिसला, एवढ्यावरून हे नाव पडले. २००३ मध्ये अमेरिकेत ४७ जणांना त्याची बाधा झाली ती पाळीव ‘प्रेअरी डॉग’ या खारीच्या जातीच्या प्राण्यांपासून. त्या प्राण्यांना ती घानाहून आणलेल्या कृंतकांकडून झाली होती. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नाव बदलून ‘एमपॉक्स’ केले. आद्याक्षर तेवढे माकडाचेच राहिले!

म्हशींच्या देवींचे नाव मात्र अनुभवास धरून आहे. २००९ मध्ये कोल्हापूर भागात त्यांची साथ आली, तेव्हा धारा काढणाऱ्यांच्या हातांवर फोड उठले ते म्हशींच्या सडांवरूनच. आणि हा विषाणू देवी काढण्याच्या लशीतील विषाणूचा अगदी निकटचा आप्त आहे.